गाडीची परीक्षा फाटकाबाहेर
दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही बाबागाडी एका बोटाने पळते. खरी परीक्षा सोसायटीच्या फाटकाबाहेर, पेव्हर ब्लॉक उखडलेल्या फुटपाथवर होते. म्हणून रंग आणि कप-होल्डर नंतर, आधी चाकं बघा. प्लास्टिकची चिमुकली जोडचाकं मॉलपुरती ठीक. आपल्या रस्त्यांना मोठी रबरी चाकंच हवीत. तान्हेपणापासून ३ वर्षांपर्यंत एकच गाडी वापरायची, तर पाठ पूर्ण आडवी होणारी घ्या. मान न धरलेलं बाळ अर्धवट बसतं ठेवलं, की हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. पुढे ते बसायला लागल्यावर पाठ उभी व्हावी आणि खांदे, कंबर, मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा असावा; नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून दीड वर्षाचं पोर सहज उभं राहतं. मग वजन. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश इंजिनिअरने १९६५ साली छत्रीसारखी मिटणारी अ‍ॅल्युमिनियमची गाडी पेटंटसाठी नोंदवली. ती ३ किलोंच्या आत होती, पण तान्ह्यासाठी नव्हती. दोन्ही वयांना चालणारी गाडी जडच असते. तेव्हा बाळ कडेवर घेऊन एका हाताने ती दुकानातच मिटवून, उचलून बघा. आणि हँडलला भाजीच्या पिशव्या लटकवू नका; बाळ उचललं, की गाडी मागे कलंडते. खाली टोपली असलेली गाडी घ्या, आणि कांदे-बटाटे तिच्यात टाका.