हांकेसरशी हजर

नौपाड्यांत राममारुती रस्त्यालगत राहणाऱ्या आमच्या वहिनी घरबसल्या मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. गेल्या पावसाळ्यांत त्यांचा उजवा खांदा असा धरला, कीं वेणी घालावयासही हात वर जाईना. "भाऊजी, हें काम आतां सोडावें म्हणतें," असें त्या म्हणाल्या, तेव्हां आम्हांस फार वाईट वाटलें; कारण त्या कामांत पैशापेक्षां त्यांचें मन अधिक गुंतलेलें आहे.

एक दुपार आम्हीं त्यांच्याशेजारीं बसून नुसतें पाहिलें. लिहितांना त्यांना त्रास होत नव्हता. कळफलकावरून हात उचलून माऊसकडे नेला, कीं कळ येई. कोश उघडावयाचा, माऊस. कालचें प्रकरण हवें, पुनः माऊस! आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळजणींच्या घरीं हेंच दृश्य असेल.

घरांत कोणास बोलवावयाचें तर आपण खोल्याखोल्यांतून हिंडत नाहीं, हांक मारतों. संगणकासही तशी हांक मारतां येते. विंडोजची कळ दाबून हव्या त्या वस्तूच्या नांवाचीं दोनचार अक्षरें लिहावीं व एंटर दाबावें. अ‍ॅपलच्या यंत्रांवर ही सोय २००५ पासून स्पॉटलाइट या नांवानें आहे. तेथें कमांड व स्पेस या कळा एकदम दाबतात. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं पॉवरटॉइज रन हें असेंच एक साधन मोफत दिलें.

पहिल्याच दिवशीं घोटाळा झाला. वहिनींचा मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू होता. कॅल्क्युलेटरसाठीं त्यांनीं सी, ए, एल, सी या कळा दाबल्या, तों पडद्यावर "मोतम" उमटलें! मराठींत काम करणारास ही ठेंच लागणारच. विंडोजची कळ व स्पेस दाबून आधीं भाषा बदलावी. फायलींस मात्र खुशाल मराठी नांवें द्यावीं, तीं सांपडतात.

पण नांवें तरी धड हवींत ना? "नवीन", "नवीन २", "अंतिम", "खरें अंतिम" अशा फायलींचा वहिनींकडे नुसता बुजबुजाट! हांक मारावी कोणाला? पुस्तक आणि प्रकरण यांवरून नांवें देण्यांत त्यांचे दोन दिवस गेले, आणि आमच्या मतें खरें काम तेंच झालें.

खांदा अजून पुरता मोकळा नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेले व्यायाम चालूच आहेत. परंतु दिवाळी अंकाचें काम त्यांनीं परत पाठविलें नाहीं. परवां आम्ही गेलों, तेव्हां माऊस टेबलाच्या पार पलीकडे होता आणि त्यावर त्यांचा चष्मा पुसावयाचा रुमाल पडला होता.