स्कोअर छापता, मग डोस का नाही?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांत एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटीचा, स्कोअर तोंडपाठ होता. ‘किती आला? पंचवीसपैकी बारा?’ लोक फोनवर आधी हेच विचारत. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने या तपासणीचे कमाल दर ठरवून दिले होते, मशीन किती स्लाइसचं त्यावर दोन ते तीन हजार रुपये. दर ठरले, स्कोअर छापला गेला. छातीतून रेडिएशन किती गेलं, तो आकडा मात्र रिपोर्टवर आला नाही. आजही बहुतेक ठिकाणी येत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. माझं म्हणणं असं की प्रत्येक सीटीचा डोस रिपोर्टवर लिहिला गेलाच पाहिजे आणि विभागाने तो दर महिन्याला तपासलाच पाहिजे. याला विरोध करणारे माझेच सहकारी आहेत, अनुभवी आहेत. त्यांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप भीतीचा. आकडा दिसला की पेशंट घाबरेल आणि गरजेचा स्कॅनही टाळेल. दाखला दिला जातो मे २०२१ चा. ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने लगेच हरकत घेतली की हे जुन्या काळचं गणित आहे, आजच्या मशीनवर डोस फार कमी असतो. लोक गोंधळले, हे खरं. पण गोंधळ आकड्यामुळे झाला की आकडा नसल्यामुळे? छातीचा नेहमीचा सीटी पाच-सात मिलिसिव्हर्टचा असतो, तोच कमी मात्रेच्या सेटिंगवर दीडच्या आसपास येतो. तुलनेला घेतलेला एक्स-रेसुद्धा कुणी ०.०२ मिलिसिव्हर्टचा धरतो, कुणी ०.१ चा. त्यामुळे तीनशेही निघतात आणि पंधराही. ज्याचा स्कॅन झाला होता त्याचा प्रश्न साधा होता: ‘माझ्या वेळी किती?’ त्याचं उत्तर त्याच्या हातातल्या कागदावर असतं, तर दिल्लीतला वाद त्याच्या उशाशी आला नसता.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. आमच्या टेक्निशियनच्या छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, त्याच्या डोसला वर्षाची मर्यादा असते. पेशंटला तशी मर्यादा नाही, कारण त्याला तपासणीचा फायदा मिळतो. मग मोजायचं कशाला? मर्यादा नसावी, हे मलाही मान्य आहे. पण मर्यादा नाही म्हणजे हिशेबही नको, हे कुठलं तर्कशास्त्र? लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या सीटीत दोनशेहून अधिक रुग्णांना अपेक्षेच्या सुमारे आठपट डोस गेला. हे दीड वर्ष चाललं. २००९ मध्ये एका रुग्णाचे केस गळाले, तेव्हा कुठे ते उघडकीला आलं. मशीन नादुरुस्त नव्हतं, सेटिंग चुकलं होतं. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि जुलै २०१२ पासून तिथे सीटीच्या रिपोर्टमध्ये डोस नोंदवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय सीटी चालवता येत नाही, ठरावीक काळाने मशीनची तपासणीही होते. पण मशीन धडधाकट असणं वेगळं आणि ते नेटकं वापरलं जाणं वेगळं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: डोस कमी केला की इमेज खरबरीत येते आणि निदान हुकतं.

गेल्या वर्षी बत्तीस वर्षांचा एक तरुण मुतखड्याच्या कळा घेऊन आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चार वर्षांतले पाच सीटी, वेगवेगळ्या सेंटरांचे. पाचही रिपोर्टांत खड्याचं माप मिलिमीटरपर्यंत दिलेलं, डोस एकातही नाही. पिशवीतल्या सीडी उघडल्या. सगळ्या इमेजेसच्या शेवटी, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तो तक्ता होताच: सीटीडीआय, म्हणजे माऱ्याची तीव्रता, आणि तिला स्कॅनच्या लांबीने गुणून येणारा डीएलपी. एका सेंटरचा डीएलपी दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त होता. माणूस तोच आणि दोन्हीकडे खडा तितकाच ठळक! खडा पांढराशुभ्र दिसतो, त्याला गुळगुळीत इमेज लागतच नाही. स्वादुपिंडातली बारीक गाठ शोधायची असेल तर मीही डोस कमी करणार नाही. प्रश्न कुठे किती लागतो याचा आहे, सरसकट कपातीचा नाही.

आणि वाचतो तो बराचसा डोस इमेजला धक्का न लावता वाचतो. टेबलाची उंची चुकून पेशंट गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या कड्याच्या, मध्यावर नसला, तर स्काउटमध्ये, म्हणजे स्कॅनआधीच्या आखणीच्या इमेजमध्ये, शरीर असतं त्याहून जाड दिसू शकतं आणि मशीन आपणहून करंट वाढवतं. छातीच्या स्कॅनला हात डोक्यावर घेतले नाहीत, तरी तेच. छाती मागितलेली असताना स्कॅन मूत्रपिंडापर्यंत ओढायचा, एका फेजमध्ये, म्हणजे स्कॅनच्या एका फेरीत, भागत असताना तीन फेज करायच्या, लहान मुलाला मोठ्यांच्या सेटिंगवर घ्यायचं, या सवयी आहेत. सवय मोडायची तर आधी ती दिसावी लागते आणि ती डीएलपीच्या रकान्यात दिसते.

‘एका स्कॅनने कॅन्सर होतो हे सिद्ध कुठे झालंय?’ असंही विचारलं जातं. युरोपातल्या नऊ देशांत, वयाच्या बावीस वर्षांआत सीटी झालेल्या साडेनऊ लाखांच्या आसपास व्यक्तींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. डोस वाढतो तसा रक्ताच्या कॅन्सरचा धोका वाढताना त्यात दिसला. दहा हजार मुलांचे सीटी झाले, तर पुढच्या बारा वर्षांत एखाद-दुसरा जादा रुग्ण, असा तो हिशेब. धोका छोटा आहे. पोर डोक्यावर पडून बेशुद्ध असेल तर आईने क्षणभरही थांबू नये, मीच तिला तसं सांगेन. पण तोच सीटी निम्म्या डोसमध्ये होत असताना उरलेला निम्मा त्या पोराने का सोसावा?

खर्चाचं कारण तर मला पटतच नाही. डोसचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर महाग असेल, पण आकडा मशीनने काढून ठेवलेलाच असतो. आमच्याकडे कन्सोलशेजारी एक लांबट वही आहे: तारीख, वय, वजन, तपासणी, डीएलपी. महिनाअखेरीला टेक्निशियन आणि मी तासभर ती घेऊन बसतो. पहिल्याच महिन्यात पोटाच्या सीटीचे सात आकडे इतरांच्या दुप्पट निघाले आणि सातही रात्रपाळीचे. रात्री स्लिम पेशंटलाही जाड माणसाचा प्रोटोकॉल लागत होता, यादीत तो सगळ्यात वर होता म्हणून. आम्ही तो खाली सरकवला.