अपरिचिताचे सुतक

एखादा थोर लेखक, गायक अथवा लोकनेता निवर्तल्याची वार्ता येते, आणि ज्याने त्याला आयुष्यात एकदाही प्रत्यक्ष पाहिलेले नाही असा एखादा गृहस्थ त्या वार्तेने व्याकूळ होऊन दिवसभर हातातील कामात चित्त लावू शकत नाही, तेव्हा त्याच्या भोवतीच्या मंडळींपैकी कोणीतरी त्याला हमखास विचारतो, की तो तुमचा कोण लागत होता? प्रश्न वरकरणी रास्त आहे. कोणाच्या मृत्यूने कोणाला किती दिवसांचे सुतक लागावे, कोणी कोणते विधी करावेत आणि कोणत्या दिवशी त्यांतून मोकळे व्हावे, याचा तपशीलवार बंदोबस्त आपल्या धर्मशास्त्राने आणि लोकरूढीने पूर्वीच करून ठेवलेला आहे, आणि त्या जंत्रीत न भेटलेल्या माणसाला जागा नाही. परंतु जंत्रीत जागा नाही एवढ्यावरून तो शोक खोटा ठरत नाही. माझे म्हणणे असे, की हा शोक खराच आहे. दोष त्याच्यात नसून, त्याला जो विधी आपण अलीकडे लावून दिला आहे त्याच्यात आहे.

दिनांक ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा त्यांना जवळून ओळखणारी माणसे किती असतील? फार थोडी. तरीसुद्धा ज्या घरांत कित्येक वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या रेडिओवर तो आवाज प्रथम ऐकला गेला, ज्या आईने स्वयंपाक करताना आणि ज्या कामगाराने रात्रपाळीहून परतताना तो गुणगुणला, त्या घरांतून आपलेच कोणीतरी गेल्याची भावना उमटली. हे नाते एकतर्फी होते हे कबूल. गाणाऱ्याला ऐकणाऱ्यांची नावे ठाऊक नव्हती. परंतु सहवासात मनुष्याचा राग, थकवा, लहरी आणि क्षुद्रता यांचाही वाटा आप्तांच्या पदरी येतो, तर दूरस्थाला त्याच्या तपश्चर्येचे शुद्ध फळ तेवढे मिळते. आणि ज्याच्याकडून केवळ उत्तमच घेतले त्याच्या मृत्यूने मन हलू नये, असे म्हणणे हीच खरी कृतघ्नता होय. आपल्या परंपरेने जी तीन ऋणे सांगितली, त्यांत पितृऋणाच्या बरोबरीने ऋषिऋण घातले आहे, हे या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या ऋषींना आपण पाहिले नाही, ज्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही, त्यांचेही देणे माणसाच्या माथी जन्मतःच असते. आणि ते फेडण्याचा मार्ग पिंडदान हा नसून अध्ययन हा आहे.

या दृष्टीने पाहता महाराष्ट्राच्याच इतिहासात एक प्रसंग असा आहे, की जो प्रत्येक शाळेत सांगितला जावा. दिनांक १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे निधन झाले. त्या निमित्ताने साताऱ्याच्या शाळेला सुटी देण्यात आली, आणि त्या शाळेत शिकणारा नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा इतर मुलांबरोबर आनंदाने घरी गेला. रानडे कोण, त्यांनी काय केले, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि सुटी मिळाल्यावर ते विचारण्याचे कारणही उरले नव्हते. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे पुष्कळ काळाने वडिलांच्या जुन्या कागदपत्रांची बाडे चाळत असता त्यांच्या हाती एका अर्जाची नक्कल लागली. महारांच्या लष्करभरतीला मनाई करणारा जो हुकूम १८९२ साली निघाला, त्याविरुद्ध महार समाजातील लष्करी अंमलदारांनी सरकारकडे केलेला तो अर्ज होता; आणि चौकशी करता त्यांना कळले, की त्याचा मसुदा रानडे यांनी करून दिला होता. हे सर्व डॉ. आंबेडकरांनी स्वतःच, १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात सांगितले आहे. व्याख्यात्याने रानड्यांना पाहिले नव्हते, आणि त्यांच्या मृत्यूचे दुःख बालवयात त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. तथापि एका जीर्ण कागदाने जे ऋण उघड केले, ते मनाशी बाळगून आणि रानड्यांच्या समग्र कार्याची निर्भीड छाननी करून त्याने त्या दिवशी जी आदरांजली वाहिली, ती त्या सुटीच्या दिवशी साताऱ्यात किंवा अन्यत्र कोणी वाहिली असेल असे मला वाटत नाही. सुटीने त्या मुलाला काही दिले नाही. दिले ते दप्तरातल्या कागदाने.

सार्वजनिक शोकाला योग्य वळण लागले म्हणजे काय घडते, याचे दाखलेही आपल्यापाशी आहेत. दिनांक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक निवर्तले, आणि गिरगावच्या चौपाटीवर त्यांना अग्नी देण्यात आला तेव्हा लोटलेल्या जनसागरातील बहुसंख्य लोक त्यांच्याशी कधी एक शब्दही बोललेले नव्हते. तो शोक तेवढ्यावर विरून गेला असता, तर त्याची आज केवळ छायाचित्रे उरली असती. परंतु पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारून ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प काँग्रेसने सोडला, आणि देशभरातल्या असंख्य लहानमोठ्या देणग्यांनी तो तडीस गेला.

याहून खोल आहे ती ६ डिसेंबरची गोष्ट. १९५६ साली दिल्लीस डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले, त्यांचा देह विमानाने मुंबईस आणून राजगृही ठेवण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच महिन्यात त्यांच्या उपस्थितीत मुंबईस धर्मदीक्षेचा समारंभ व्हावयाचा होता. तो आता होणे नाही, म्हणून लोक हताश होऊन परतले असते तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु त्या विशाल समुदायाने त्याच ठिकाणी, चितेच्या सान्निध्यात, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली, आणि नेत्याचे अपुरे राहिलेले कार्य अश्रू पुसण्यापूर्वी हाती घेतले. तेव्हापासून दरवर्षी गावोगावची माणसे, मुलेबाळे आणि शिदोरी बरोबर घेऊन, चैत्यभूमीवर येतात. त्यांपैकी बहुतेकांचा जन्मच १९५६ नंतरचा. रात्री उघड्या मैदानावर काढून, तासन् तास रांगेत उभे राहून ती दर्शन घेतात, आणि परतताना शिवाजी पार्कवर मांडलेल्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन जातात. रोजंदारीच्या कमाईतून बाजूला काढलेल्या पैशाने घेतलेले ते पुस्तक हे ऋषिऋणाच्या फेडीचे जितेजागते उदाहरण आहे, आणि वाचनाची आस्था ओसरल्याची तक्रार करणाऱ्या सुशिक्षितांनी त्या दिवशी त्या मैदानावर एक फेरी मारावी अशी माझी त्यांना विनंती आहे.

यावर विचारी माणसे एक आक्षेप घेतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अशा शोकातूनच विभूतिपूजा जन्मते, ती विवेकाला गिळते, आणि मृताच्या नावाने जिवंतांवर हुकमत गाजविण्याची सनद काही लोकांना मिळते, असे ते म्हणतात. ही भीती डॉ. आंबेडकरांइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कोणी क्वचितच मांडली असेल. राजकारणातील भक्ती हा अधःपाताचा आणि अखेरीस हुकूमशाहीचा मार्ग होय, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तथापि १९४३ च्या त्या पुण्यातील व्याख्यानात त्यांनी एक भेदही सांगून ठेवला आहे: थोर पुरुषाविषयी अपार आदर व्यक्त करणे ही एक गोष्ट, आणि त्याची आज्ञा डोळे मिटून पाळणे ही सर्वस्वी वेगळी, पहिलीत काही वावगे नाही, दुसरी मात्र घातक. शोकाला हीच कसोटी लावावी. गेलेल्या माणसाचे लिहिलेले वाचावयास, त्याचे चुकलेले तपासावयास आणि त्याचे उरलेले काम करावयास जो शोक प्रवृत्त करतो, तो आदराचा. त्याच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करावयास जो धावतो, तो केवळ सत्तेचा हव्यास होय.

या कसोटीवर आपली आजची वहिवाट उतरत नाही. थोर माणूस गेला की सरकार दुखवटा जाहीर करते, निशाण अर्ध्यावर उतरते, कार्यालये बंद होतात. चौकाचौकांत फलक लागतात, ज्यांवर मृताच्या मुखाहून श्रद्धांजली वाहणाऱ्यांची मुखे अधिक ठळक असतात. कोठे कोठे दुकाने धाकाने बंद करविली जातात, आणि ज्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो त्याच्या मनात मृताविषयी आदराऐवजी कडवटपणा रुजतो. निशाण उतरविण्याबद्दल माझी तक्रार नाही. राष्ट्राने मान झुकवावी, हे युक्तच आहे. तक्रार आहे ती सुटीबद्दल, कारण साताऱ्याच्या शाळेत १९०१ साली जे घडले तेच आजही प्रत्येक शाळेत घडत आहे.

म्हणून शासनापुढे आणि शाळांच्या चालकांपुढे माझे मागणे एवढेच आहे, की यापुढे असा प्रसंग आला तर शाळा बंद ठेवू नयेत. त्या दिवशी नेहमीचे तास बाजूला ठेवून मुलांना गेलेल्या माणसाचे लिहिलेले वाचून दाखवावे, गायिलेले ऐकवावे, त्याने काय केले आणि कोणते काम अपुरे सोडले ते सांगावे; सार्वजनिक वाचनालये रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावीत. आणि ज्यांना अपरिचिताच्या मृत्यूने खरोखरच गलबलून येते, त्या वाचकांना सांगणे हे, की त्या अश्रूंची लाज बाळगू नका, ‘तो तुमचा कोण’ या प्रश्नाने खजील होऊ नका. मात्र ज्याच्यासाठी रडलात त्याचे एक तरी काम, कितीही लहान असो, वर्षाच्या आत स्वतःच्या हाताने पुढे न्या.