बारू वाईट आहे.. असू दे!

सेथ डिकिन्सन ह्या अमेरिकन लेखकाची 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट' (२०१५) वाचून संपवली. फँटसी म्हणावी तर ड्रॅगन नाहीत, मंत्रतंत्र नाहीत. नायिका चक्क हिशेबनीस!

बारू टारानोके नावाच्या बेटावरची. तिला एक आई आणि दोन बाबा, आणि बेटावर कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मग फॉल्क्रेस्टचं साम्राज्य येतं. आधी व्यापार, मग कागदी नोटा, मग शाळा, मग कायदे. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं गुन्हा ठरतं आणि एक बाबा बेपत्ता होतो. बारू ठरवते, ह्यांचीच नोकरी करायची, वर चढायचं आणि आतून हे साम्राज्य मोडायचं. तिला स्वतःलाही बायकाच आवडतात. ते मात्र मनात गाडून टाकायचं.

तिची नेमणूक होते ऑर्डविन ह्या बंडखोर प्रांतात. तिथे ती तलवार न उपसता, नुसती नोटांची किंमत पाडून एक बंड मोडते. सगळा प्रांत त्यात होरपळतो. पुढे ती बंडखोरांनाच जाऊन मिळते, तेन हू ह्या सरदारणीच्या प्रेमात पडते आणि.. असो. नावातच 'ट्रेटर' आहे, जास्त सांगत नाही.

अशा पुस्तकांवर एक आक्षेप हमखास येतो. समलिंगी माणसांबद्दल आधीच इतके गैरसमज, त्यात नायिका अशी कपटी कशाला? जरा चांगली दाखवा की! हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही.

आपल्याकडे घराघरात ऐकू येणारं एक वाक्य घ्या: "समलिंगी असला तरी मुलगा किती गुणी आहे हो!" ह्यातला 'तरी' मला खुपतो. म्हणजे गुणी नसता तर? बाकीच्यांना आळशी, चिडके, स्वार्थी असायची मुभा आहे. ह्यांनी मात्र आधी चारित्र्याचा दाखला आणायचा!

३७७ वं कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलं. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीनं असलेल्या संबंधांना त्यातून वगळलं. मधे १५८ वर्षं गेली. त्यामुळे टारानोके मला फार लांबचं वाटत नाही. ह्या निकालानं सुटले ते सगळेच, नुसते गुणी नव्हेत. हक्क असाच असायला हवा.

आणि साम्राज्य माणसाचं काय करतं हे दाखवायचं, तर बारू साधीभोळी असून चालणारच नाही. चांगल्या हेतूनं ती एकेक पायरी उतरत जाते आणि आपण मनातल्या मनात तिची वकिली करत राहतो, तिथेच पुस्तक आपल्याला पकडतं. इरावतीबाईंचं 'युगान्त' आवडीनं वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नवं नाही. तिथे तरी धुतल्या तांदळासारखं कोण आहे?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अशा प्रेमकथा नेहमी दुःखातच का संपतात? त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. आनंदात संपणाऱ्याही भरपूर लिहिल्या जाव्यात. पण त्यासाठी बारूला सज्जन करू नका.

जमल्यास वाचा, आणि बारूचा राग आला तर इथे जरूर लिहा. मलाही आला होता :)