गाडी दारात आली. मालकी आली काय?

गेल्या पावसाळ्यात महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आरसीचे स्मार्ट कार्ड, नोटरी केलेला स्टॅम्पपेपर, सह्या केलेले टीटी फॉर्म आणि गाडीची दुसरी चावी. सगळे होते, फक्त गाडी नव्हती. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून सव्वातीन लाख रुपये रोख मोजून त्यांनी मुलासाठी टुरिस्ट पासिंगची जुनी गाडी घेतली होती. मुलगा चार महिने धंदा करत होता. एके दिवशी पहाटे वसुलीवाले आले आणि गाडी उचलून घेऊन गेले. मूळ मालकाने कर्जाचे हप्ते थकवले होते. आरसीवर वित्त कंपनीचे नाव स्पष्ट छापलेले होते. मी ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, ते इंग्रजीत आहे. आणि विकणारा आपल्याच वस्तीतला पोरगा. म्हणाला, काका, कर्ज फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय."

चौतीस वर्षांच्या नोकरीची कमाई एका वाक्यावर गेली. असा हा एकच माणूस नाही. आपल्या वस्त्यांतून पहिल्यांदाच चारचाकी घेणारी पिढी आज उभी राहिली आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून ती जुन्या बाजारात जाते. तिथे इंजिनाचा आवाज ऐकते, टायर पाहते, सीट दाबून बघते, पेढे वाटते. कागद मात्र कोणी वाचत नाही. म्हणूनच हा प्रश्न मांडणे मला भाग आहे.

पहिली गोष्ट ही की, चावी हाती येणे म्हणजे मालकी येणे नव्हे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तो मालक. कर्जावरची गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याला हा कायदा मालक मानत असला, तरी ते कर्जकरारातला ताबेदार म्हणून. तुम्ही त्या करारात कुठेच नसता. कलम ५१ प्रमाणे वित्त कंपनीची नोंद आरसीवर असेपर्यंत तिच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही. मग नोटरीचा स्टॅम्पपेपर कशाला? तो फार तर पैसे दिल्याचा पुरावा. त्याने गाडी तुमची होत नाही.

तेव्हा एचपी असलेल्या गाडीबाबत एकच नियम पाळावा. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हे कागदही विकणाऱ्याच्या हातून घेऊन गप्प बसू नये, कारण बनावट एनओसी मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या शाखेत जावे, कर्ज खाते बंद झाले का ते विचारावे. कर्ज बाकी असेल तर विकणाऱ्यासोबत जाऊन तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेली एचपी निघाल्यावर द्यावी.

दुसरा धोका चोरीच्या गाडीचा. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम २७ चे तत्त्व साधे आहे. विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराजवळ हक्कच नाही, तर तो तुम्हाला काय देणार? चोरीची आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानायला कारण असून गाडी घेतली तर भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ३१७ खाली तुम्ही आरोपी. अजाणतेपणी घेतली असेल तर शिक्षेतून सुटाल, पण गाडी जाईलच आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुटणार नाहीत. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालेली गाडी हे न्यायालयात तुमच्याच विरुद्ध बोलते, हेही ध्यानात असू द्या.

यावर उपाय कठीण नाही. चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचा, कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. क्रमांकाभोवती घासल्याची, वेल्डिंगची खूण असेल तर तिथूनच परत फिरा. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, पीयूसी, वित्त कंपनीचे नाव आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हे कळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत चोरीच्या नोंदींशी क्रमांक पडताळता येतो. थकलेली ई-चलाने ऑनलाइन दिसतात. अर्ध्या तासाचे काम आहे. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ते करू शकते. एजंट लागत नाही.

आणखी तीन ठिकाणी लोक फसतात. एक, आरसीवरचा मालक वारलेला असतो आणि एक मुलगा गाडी विकून मोकळा होतो. आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी झाली पाहिजे, बाकीच्या वारसांची संमती पाहिजे. नाहीतर उद्या त्याची आई-बहीण तुमच्या दारात उभी राहील आणि तिचे म्हणणे रास्त असेल. दोन, परराज्यातील पासिंगची स्वस्त डिझेल गाडी. दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अंमलात आणायला लावली, आणि तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकायला निघाल्या. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी नसेल तर ती इथे नोंदवता येत नाही, आणि नोंदवताना महाराष्ट्राचा रस्ताकर वेगळा भरावा लागतो. स्वस्ताई तिथेच संपते. तीन, पुरात बुडालेली गाडी. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चे चिपळूण आपण पाहिले. बुडालेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येते. सीटखालचा गालिचा उचला, बेल्ट पूर्ण ओढून चिखलाचा डाग पाहा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा जुना हिशेब मागा. मीटर मागे फिरवले असेल तर तेही त्यात उघडे पडते.

आता विकणाऱ्यांसाठी. फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, सुटलो, असे समजू नका. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, नोंद पहिल्याच मालकाची राहिली, आणि २००९ साली अपघात झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. ज्याने गाडी केव्हाच विकली होती, त्याची! तुमची विकलेली गाडी आज कोण चालवतो, त्यात काय नेतो, हे तुम्हाला ठाऊक आहे काय?

विम्याचेही तसेच. कलम १५७ मुळे तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा गाडीबरोबर येतो, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवले आहे. गाडी तुमची, पॉलिसी जुन्या मालकाची, आणि नुकसान झाले तर हाती काही नाही.

"आपल्याच माणसाकडे कागद मागायचे कसे? त्याला वाईट वाटेल," असे लोक मला विचारतात. मी उलट विचारतो, आपल्या माणसाला कागद दाखवायला संकोच का वाटावा? ज्याची गाडी साफ आहे तो आरसी स्वतःहून पुढे करतो. फसवणारा मात्र नेमका ओळखीचा, शेजाराचा, एकाच गावचा असल्याचा आधार घेतो, कारण अनोळखी माणसापुढे त्याचे चालत नाही. कागद मागितल्याने नाते तुटत नाही. न मागितल्याने तुटलेली नाती मी दर आठवड्याला कोर्टात पाहतो.

शासनाचीही जबाबदारी आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचे अधिकारपत्र बंधनकारक झाले आणि गाडी ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला गेली की तो विक्रेता मानीव मालक ठरतो. नियम चांगला आहे. मग रस्त्याकडेला पन्नास गाड्या मांडून बसलेल्यांची तपासणी कोण करतो? आरसीवरील कर्जाची नोंद मराठीत का छापू नये? विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेल्या गाडीच्या आरसीवर तशी नोंद का असू नये? प्रत्येक आरटीओत एजंटाविना माहिती देणारी एक खिडकी का असू नये? या मागण्या आपल्या संघटनांनी परिवहन आयुक्तांकडे लेखी द्याव्यात.

त्या गृहस्थांच्या वतीने आम्ही विकणाऱ्यावर फसवणुकीची फिर्याद दिली आहे आणि पैशांसाठी दावा लावला आहे. स्टॅम्पपेपर तिथे पुरावा म्हणून कामी येईल, पण किती वर्षांनी, ते मी त्यांना सांगू शकलो नाही. मुलगा सध्या दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने जातो. तेव्हा बांधवांनो, भगिनींनो, दिवाळीला गाडी घ्यायचा विचार असेल तर बयाणा देण्याआधी आरसीचा फोटो मागा आणि कागद वाचणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसासमोर ठेवा. जवळ कोणी नसेल तर माझ्याकडे या. आरसी वाचून सांगायची मी फी घेत नाही.