वस्तू आपली, वेग त्यांचा

कोणत्याही मोठ्या इमारतीत संगणकांच्या साऱ्या तारा जेथे एकत्र येतात, तेथे एका कपाटात 'स्विच' नावाचे चपटे डबे बसवलेले असतात. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे पाहावे असे त्यांत काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, 'विकत घेणे' या साध्या मराठी क्रियापदाचा अर्थ सध्या ज्या ठिकाणी निमूटपणे बदलतो आहे, त्यांपैकी हे एक ठिकाण आहे. शब्दांचे अर्थ बदलत असताना भाषेच्या शिक्षकांनी तिकडे पाठ फिरवणे बरे नव्हे.

एक स्विच अपुरा पडला की दुसरा, तिसरा आणून त्यांची उतरंड रचतात. व्यवहारात तिला 'स्टॅक' म्हणतात. घरातल्या उतरंडीत प्रत्येक मडके वेगळे असते. येथे मात्र डबे खास तारांनी एकमेकांशी जोडले की बाहेरच्या जगाला ते एकच यंत्र भासतात. पत्ता एक, कारभार एक. प्रत्येक डब्याच्या पुढच्या अंगाला तारा खोवण्याची तोंडे, म्हणजे 'पोर्ट', असतात, आणि त्या तोंडातून सेकंदाला किती मजकूर वाहील यावर त्याचा वेग ठरतो.

ब्रोकेड या अमेरिकन कंपनीच्या 'आयसीएक्स ६४५०' या स्विचचे उदाहरण घेऊ. त्याच्या दर्शनी भागात प्रकाशतंतू जोडण्यासाठी चार तोंडे आहेत. चारही दिसायला सारखी आणि घडणीनेही सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेण्यास समर्थ. पण डबा विकत आणला तेव्हा त्यांतली दोनच १० गिगाबिटने चालत. उरलेली दोन १ गिगाबिटवर रोखलेली असत. ती मोकळी करायची तर वेगळे पैसे भरून परवाना घ्यायचा. परवाना म्हणजे एक छोटी फाइल. ती चढवली की रोखलेली तोंडे दसपट वेगाने चालू लागत. यंत्रात नवा भाग बसत नाही, एक स्क्रूही फिरत नाही. हस्तलिखितांच्या छायाप्रतींचा २५ गिगाबाइटचा संच एका तोंडातून कागदावरच्या हिशेबाने २० सेकंदांत जाईल आणि शेजारच्या, तशाच घडणीच्या तोंडातून २०० सेकंदांत.

उतरंडीत ही गोष्ट आणखी बोचते. डबे मिळून एक यंत्र झाले, तरी वेगाचा परवाना त्या एकत्वाला नसतो. तो एकेका डब्याच्या ओळखक्रमांकाला जखडलेला असतो. आठ डब्यांची उतरंड असेल तर परवाने आठ. एखादा डबा बिघडून बदली डबा आणला, तर जुन्याचा परवाना त्याला आपोआप लागू पडत नाही. कंपनीकडून तो नव्या क्रमांकावर करून घ्यावा लागतो. दोन डब्यांची दोन तोंडे एकत्र बांधून एक रुंद वाट करावयाची असेल, तर दोहोंचा वेग सारखा लागतो. म्हणून एक बिनपरवान्याचा डबा साऱ्या बेतात खोडा घालतो. कारभारात एक आणि पैसे मोजताना आठ, हे अद्वैत आम्हांला तरी नवे आहे.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सर्वांसाठी एकाच साच्यातून माल काढला तर तो स्वस्त पडतो. ज्याची गरज थोडी त्याने थोडे मोजावे. पुढे गरज वाढली तर यंत्र न बदलता वेग वाढवता यावा. यात आम्हांला अनैतिक काही दिसत नाही. आपले प्रकाशकही ग्रंथालय आवृत्ती आणि जनआवृत्ती वेगळ्या किमतींना विकत आलेच आहेत. परंतु जनआवृत्तीत कागद हलका असतो, बांधणी साधी असते. शेवटची प्रकरणे छापून, बांधून, वर डिंकाने चिकटवून वाचकाच्या हाती दिलेली नसतात. येथे नेमके तेच होते. न दिलेल्या वस्तूचे पैसे मागितले जात नाहीत, दिलेल्या वस्तूला लावलेले कुलूप काढण्याचे मागितले जातात.

'परवाना' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. (फारसीत तो दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगालाही लावतात, ग्राहकाची स्थिती पाहता तोही अर्थ चालावा.) परवाना देणारा आजवर बहुधा सत्ताधीश असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचे परवाने चालू केले. जहाज व्यापाऱ्याचे, माल त्याचा, तरी कार्ताझवाचून सापडले तर जप्त. मोगल बादशहाच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. मात्र पोर्तुगीजांनी ती जहाजे बांधून विकलेली नव्हती. विक्री झाल्यावरही विक्रेत्यानेच परवाना देणारा म्हणून उभे राहावे, ही आपल्या काळाची भर.

अर्थात पुस्तकाच्या बाबतीत हा प्रयत्न पूर्वी होऊन गेला आहे. १९०४ साली अमेरिकेत 'द कास्टअवे' ही कादंबरी प्रकाशित करताना बॉब्स-मेरिल कंपनीने आत सूचना छापली की, एक डॉलरहून कमी किमतीत हे पुस्तक विकणे हा स्वामित्वहक्काचा भंग समजला जाईल. मेसी या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एकदा प्रत विकली की पुढच्या विक्रीवर अशी अट लादण्याचा हक्क प्रकाशकाला उरत नाही. जुन्या पुस्तकांच्या व्यापाराला तेथे ज्या तत्त्वाचा आधार आहे, ते हेच. पुढे २०१० साली ऑटोडेस्क कंपनीच्या खटल्यात अमेरिकेतल्याच एका अपील न्यायालयाने सॉफ्टवेअरपुरते वेगळे म्हटले: तेथे ग्राहक प्रतीचा मालक नसून परवानाधारक असू शकतो. स्विचमध्ये हे दोन्ही न्याय एकाच डब्यात नांदतात. धातू आपला, धातूला चालवणारी आज्ञावली त्यांची.

आणि 'ते' तरी कोण? फाउंड्री ही मूळ कंपनी २००८ साली ब्रोकेडने घेतली. २०१७ साली ब्रोकेड ब्रॉडकॉमकडे गेली, त्याच वर्षी हा स्विचांचा व्यवसाय अ‍ॅरिसला विकला गेला, आणि २०१९ साली अ‍ॅरिसलाच कॉमस्कोपने घेतले. अकरा वर्षांत परवाना देणारा हात इतक्यांदा बदलला; कपाटातला डबा जागचा हलला नव्हता. आम्हांला खरी भीती येथे वाटते. वेगवेगळी किंमत लावा, पण ती वसूल करणारे दारच उद्या बंद झाले, तर न उघडलेले तोंड कायमचे मुके राहणार.

२००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादातून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले, तेव्हा साहित्यजगत हळहळले. एका विद्यार्थ्याची टिपणे उरली, पण ज्या ओळींवर ती होती त्या गेल्या. त्या घटनेतले आणि या डब्यातले नाते आमच्या वर्गातल्या मुलांना चटकन कळते, असा आमचा अनुभव आहे. खरेदी समितीला कळायला वेळ लागतो. समितीच्या कागदावर '१० गिगाबिट' एवढेच लिहिलेले असते. तेथे दोन रकाने हवेत: यंत्राची क्षमता किती आणि मिळालेल्या परवान्यात वेग किती. उतरंड असेल तर हे प्रत्येक डब्यासाठी स्वतंत्र लिहावे. आणखी एक ओळ करारात घालून घ्यावी की, कंपनीने परवाने देणे थांबवले त्या दिवशी उरलेली सारी तोंडे खुली केली जातील.