अनुवाद करायचा तर मूर्तीसमोर उभं राहून

पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात इजिप्तचा एक लेखनिक बसलेला आहे. चुनखडीच्या दगडात घडवलेला, वरून रंगवलेला, उंची जेमतेम 54 सेंटिमीटर, वय साडेचार हजार वर्षांच्या आसपास. ओगुस्त मारिएटला तो 1850 साली सक्कारा इथं सापडला. फ्रेंचमध्ये त्याच्या नावाचा सरळ अर्थ होतो ‘उकिडवा लेखनिक’. इंग्रजीनं त्याला नुसतंच ‘बसलेला’ करून टाकलं, खुर्चीवर की जमिनीवर, कोण जाणे. पण फोटो बघा. गडी चक्क मांडी घालून बसलाय. मांडीवर ताणलेलं वस्त्र, त्यावर पपायरसची गुंडाळी, उजव्या हातातली लेखणी कधीच हरवलेली. फ्रेंच तज्ज्ञांना ही बैठक नेमकी सांगायची झाली की ते ‘शिंप्यासारखा बसलेला’ असं म्हणतात. आपल्याकडे पंगतीत पानावर बसलेलं पोरही ते दोन शब्दांत सांगेल.

मी वेरूळ-अजिंठ्याच्या जिल्ह्यात, गारखेड्यात राहते, क्रीडा संकुलापासून चालत दहा मिनिटांवर. फ्रेंचच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात फ्रेंच मजकूर इंग्रजीत करून देते. त्यात प्राचीन इजिप्तच्या मूर्ती नि उठावशिल्पांची वर्णनंही येतात. शेजारच्या काकूंना याचं फार नवल. ‘इजिप्तचं काम गारखेड्यात कसं गं येतं?’ असं त्या विचारतात. येतं, कारण शब्दामागे मिळणारा दर इथल्या माणसाला परवडतो. मजकूर येतो, फोटो येत नाही. मागितला तर उत्तर ठरलेलं: काम भाषेचं आहे, फोटो कशाला?

माझं सारं भांडण या उत्तराशी आहे. कलावस्तूचं वर्णन हे निम्मंच लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं वस्तू समोर ठेवून लिहिलेलं असतं, म्हणून जे डोळ्यांना दिसतंय ते तो गाळतो. ती वस्तू न पाहता त्याची वाक्यं दुसऱ्या भाषेत नेली की गाळलेल्या जागा अनुवादक अंदाजानं भरतो, आणि तो अंदाज पाटीवर छापला जातो.

साधं डावं-उजवं घ्या. इजिप्तचे उभे पुरुष डावा पाय पुढे टाकतात. हा डावा त्यांचा स्वतःचा. पण त्याच पानावर उठावशिल्पातली राणी ‘उजवीकडे वळलेली’ असते, तेव्हा ते उजवं बघणाऱ्याचं. एकाच परिच्छेदात दोन हिशेब. आपल्याला हे नवं नाही. देवाच्या वामांगी देवी म्हटलं की डावी बाजू देवाची, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड केलं की पद्मपाणी बोधिसत्त्व आपल्या डाव्या हाताला येतो. आत बसलेल्या बुद्धाच्या बाजूनं मोजलं तर तो उजवा. आता ‘डावीकडील बोधिसत्त्व’ एवढंच वाक्य परदेशी पुस्तकातून उचलून मराठीत आणलं तर वाचक नक्की कुणाच्या डावीकडे बघणार?

ज्यांना हे कळलं होतं त्यांनी काम चोख केलं. गास्तों मास्पेरो यांचं इजिप्तच्या पुरातत्त्वावरचं फ्रेंच पुस्तक 1887 साली इंग्रजीत आलं ते अमेलिया एडवर्ड्स यांच्या हातून. या बाईंनी 1873-74 मध्ये नाईल नदीतून नावेनं प्रवास करून तिथली देवळं बघितली होती, त्यावर जाडजूड प्रवासवर्णन लिहिलं होतं आणि 1882 मध्ये इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढण्यात पुढाकार घेतला होता. मास्पेरो ज्या भिंतीबद्दल बोलतायत ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. असा अनुवादक शब्दामागच्या दरात मिळत नाही, हे उघड आहे.

आता घराजवळ येऊ. फ्रेंचांनी आपल्या जिल्ह्याबद्दल बरंच लिहून ठेवलंय. आंकेतिल-द्युपेराँ हा विशीतला पोरगा पारशांच्या धर्मग्रंथांच्या मागे सुरतेला निघाला होता. 1758 साली महाराष्ट्र ओलांडताना तो औरंगाबादेत आला, वेरूळला गेला, आणि लेण्यांचं वर्णन उतरवून घेतलं. ते 1771 मध्ये पॅरिसला त्याच्या ‘झेंद-अवेस्ता’च्या प्रस्तावनेत छापलं गेलं. पुढे आल्फ्रेड फूशे यांनी अजिंठ्याच्या चित्रांतल्या जातककथा ओळखत जाऊन निजामाच्या हैदराबाद संस्थानासाठी अहवाल दिला. तो हैदराबादच्या पुरातत्त्व मंडळाच्या नियतकालिकात इंग्रजीत आला, आणि 1921 मध्ये ‘जुर्नाल आझियातिक’मध्ये त्यांचं अजिंठ्याचं पत्र फ्रेंचमध्ये. व्हिक्टर गोलूबेव्ह यांचा पहिल्या लेण्यावरचा सचित्र ग्रंथ 1927 चा.

यातलं आंकेतिलचं लेखन मराठीत आणायचं म्हटलं तर टेबलाशी बसून ते होणारच नाही. आज आपण वेरूळच्या लेण्यांचे जे 1 ते 34 क्रमांक सांगतो ते त्याच्यानंतर पडले. तो जसा चालला त्या क्रमानं लिहीत गेला, आणि गावकऱ्यांकडून कानावर पडलेली नावं त्यानं फ्रेंच कानानं टिपली. कुठलं नाव कुठल्या लेण्याचं, हे ठरवायला त्याच्यामागून पायी फिरावं लागेल. मापांचंही तसंच. मीटर अजून जन्मायचा होता. त्याच्या देशातला ‘राजाचा फूट’ 32.48 सेंटिमीटरचा, इंग्रजांचा 30.48 चा. तिथल्या कैलास लेण्याचं अंगण इंग्रजी मापानं 276 फूट लांब, तेच फ्रेंच फुटांत 259 भरतं. अनुवादकानं डोळे मिटून ‘फूट’ लिहिलं की सतरा फुटांचा कातळ कागदावरून नाहीसा होतो, आणि मग कुणीतरी विद्वान लिहितो की फ्रेंच प्रवाशाला मोजता येत नव्हतं.

इंग्रजीवरून मराठी करू, तेवढं पुरे, असं काहीजण म्हणतील. खर्च कमी, माणसं भरपूर. मला ते पटत नाही. ‘उकिडवा’ फ्रेंचमध्येच चुकलेला, इंग्रजीत गुळगुळीत झालेला. तिथून मराठीत आला तर तो लेखनिक ‘आसनस्थ’ होऊन येईल, आणि आपल्याच तोंडातलं ‘मांडी घालून’ कुणाला आठवणारही नाही. पर्यटनाच्या मराठी पुस्तिकांत अशा आसनस्थांची गर्दी मी रोज बघते. अजिंठ्याच्या चित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणण्याची खोडही अशीच उसनी आहे. ओल्या चुन्यावर रंगवण्याची ती पद्धत इथं नाही, इथं वाळलेल्या गिलाव्यावर काम झालंय. आपला ‘भित्तिचित्र’ शब्द निदान खोटं तरी बोलत नाही.

थेट फ्रेंचवरून मराठी करण्यासाठी सरकारनं भलं मोठं अनुवाद मंडळ काढावं, असं मी म्हणत नाही. मंडळं बैठका घेतात. फ्रेंच येणारी दोन-तीन माणसं आणि लेण्यांत आयुष्य काढलेला एखादा गाईड एवढे पुरेत. आपल्या गाईडांना कुठल्या खांबावर कुठल्या वेळी उजेड पडतो ते पाठ असतं. मानधन शब्दांवर नको, लेण्यावर द्या. छापताना मूळ भाषा कुठली ते लिहा, आणि अनुवादकाचं नाव बारीक टायपात का होईना, पण घाला. चूक झाली तर धरायला माणूस हवा.

राहिला गर्दीचा प्रश्न. सुट्टीच्या दिवशी कैलासात मूळ मजकूर हातात घेऊन दोन मिनिटं उभं राहणं अशक्य, मागून ढकलतात. पण वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. पुरातत्त्व खात्यानं या दोन दिवशी अनुवादकांना बॅटरी, मोजपट्टी आणि एक चौकीदार देऊन आत सोडावं. सुरुवात आंकेतिलच्या वेरूळपासून करता येईल. मंगळवारच्या शिकवण्या मी बुधवारवर ढकलते.